आमेन झाल्याशिवाय गाडी निघत नाही

“आमेन म्हणा की ओ लवकर, म्हाताऱ्याची भाकर गार व्हायली!”

नेकनूरला राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून एका बाईचं हे वाक्य माझ्या कानावर पडलं. मी ताटावर बसले होते. समोर शिमोनकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, डोळे मिटून बसलेले. त्यांची प्रार्थना संपली होती, पण ते हलत नव्हते. भाकरीची वाफ विरत चालली होती. मी एक डोळा उघडून पाहिलं, परत मिटला. मग पलीकडून घोगरा पुरुषी आवाज आला, “आमेन!”

काकांनी डोळे उघडले, मांडीवरची टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “घे बाई. सुरू कर.”

तो आवाज शेजारच्या मन्मथअप्पांचा. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, रस्त्याच्या अंगाला किराणा दुकान. आणि हा माणूस रोज संध्याकाळी आमच्या काकांच्या प्रार्थनेला भिंतीपलीकडून आमेन म्हणत होता. मी औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. तिथे शे-दीडशे मुली एका सुरात प्रार्थना म्हणायच्या आणि नुसते ओठ हलवले तरी भागायचं. इथलं हे प्रकरण मला नवीनच होतं.

“तुम्हीच का नाही म्हणत आमेन?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडी पेट्रोलऐवजी ताकावर चालवायला सांगितली होती. “अर्ज आपुन करायचा. शिक्का दुसऱ्यानं मारायचा. आपल्याच अर्जावर आपुनच शिक्का मारलेला कुठं चालतो का?”

हे त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा त्यांना समजावून पाहिलं होतं की असा काही नियम नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग पाळकसाहेबांसाठी एवढी लांब प्रार्थना केली की शेवटी कंटाळून साहेबांनाच आमेन म्हणावं लागलं.

काका काळीपिवळी जीप चालवायचे. नेकनूर, मांजरसुंबा, घाट उतरून बीड, आणि परत. मी बीडच्या कॉलेजात बी.एड.ला प्रवेश घेतला होता, म्हणून त्यांच्याकडे राहत होते आणि रोज त्यांच्याच जीपमधून जात होते. जीप भरली की काका टोपी काढून गिअरच्या दांड्यावर अडकवायचे. ही खूण. टोपी दांड्यावर गेली की बिडी विझवायची, बोलणं थांबवायचं. आमेन होईस्तोवर काका क्लच सोडायचे नाहीत.

“हे प्रभू, तुला ठाऊक हायेच, तरी सांगतो,” अशी त्यांची सुरुवात ठरलेली. आणि मग ते खरंच सगळं सांगायचे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरानं दहावीचा फॉर्म भरला. शेजारच्या गल्लीत नवा एसटीडी बूथ निघाला, तेव्हा त्यांनी देवाला त्याचं भाडंसुद्धा कळवलं आणि म्हणाले, “आपलं हाय तेच बरं. न लाइन लागती, न बिल येतं.” गावात त्या वेळी एकच वर्तमानपत्र यायचं, तेही दुपारी. लोक सकाळीच काकांच्या जीपमध्ये बसायचे.

एकदा मांजरसुंब्याला पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक कार्यकर्ता पुढच्या सीटवर चढला. टोपी दांड्यावर गेल्याचं त्याला काय ठाऊक! तो म्हणाला, “चल की बे, टाइम व्हायलाय!”

काकांनी डोळे उघडले नाहीत. “प्रभू, तुला ठाऊक हायेच, तरी सांगतो. पुढच्या शिटावर एक पांढऱ्या कपड्यातलं माणूस बसलंय. त्याला लई घाई हाय. कुठं जायची घाई हाय, ते त्याचं त्याला बी म्हाइत न्हाई. त्याला संभाळ.”

“आमेन!” सगळी जीप एका आवाजात म्हणाली. त्यात वारकरी होते, दुधवाले होते, आठवडी बाजाराला निघालेल्या बाया होत्या. मागच्या दाराला लटकलेले रहीम टेलर “आमीन” म्हणाले. घाटातल्या दुसऱ्या वळणावर कार्यकर्त्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला तेव्हा काका त्याला म्हणाले, “भिऊ नका साहेब. ब्रेक ऑइल मी बघतो, बाकीचं तो बघतो.”

बाकीच्या जीपवाल्यांच्या दोन गाड्या भरून निघून जायच्या तोवर काकांची प्रार्थना चाललेली असायची. तरी बाळंतपणाला निघालेली लेक, नवं नवरा-नवरीचं जोडपं, पहिल्यांदा तालुक्याला परीक्षेला जाणारं पोर, यांना घरचे लोक काकांच्याच जीपमध्ये बसवायचे. मी खिडकीशी गप्प बसलेली असायचे. पण “हे तुमचे कोण?” असं कुणी विचारलं, की माझ्यासारखी मुलगीसुद्धा मान वर करून सांगायची, “माझे काका आहेत.”

अप्पांचं मात्र अवघड होतं. त्यांना रोज आमेन म्हणावं लागायचं आणि काय काय ऐकून म्हणावं लागायचं! एका संध्याकाळी काकांनी सुरू केलं, “प्रभू, तुला ठाऊक हायेच, तरी सांगतो. मन्मथअप्पाचा तराजू आजकाल डावीकडं झुकायलाय. माणूस चांगला हाय, तराजू वाईट हाय. त्याला सरळ कर.”

पलीकडून अप्पांचा आवाज आला, “सिमनभाऊ, याला मी आमेन म्हणणार न्हाई!”

“नका म्हणू,” काका डोळे मिटूनच म्हणाले. “भाकर गार होईल. दुसरं काय.”

“अहो, पण गिऱ्हाइकं ऐकायलीत ना दुकानात!”

“मंग लवकर म्हणा.”

“तराजू जुना हाय, त्याला मी काय करू?”

“ते मला कशापायी सांगता? मी तुमच्याशी बोलायलोय का?”

पलीकडे अप्पांच्या बायकोचं, गंगाबाईंचं, हसू ऐकू आलं. बऱ्याच वेळानं, दात-ओठ खाऊन म्हटलेलं एक आमेन भिंतीवरून आलं. आठवडा संपायच्या आत दुकानात नवा तराजू लागला. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “हा कंपनीचा हाय.” काकांनी ते देवाला कळवलं.

हे भिंतीवरचं आमेन कधीपासून सुरू झालं, ते मला गंगाबाईंनी सांगितलं. मी साखर आणायला दुकानात गेले होते. पुडा बांधता बांधता त्या बोलल्या.

“तुझी काकू व्हती तवा तीच म्हणायची आमेन. लेकरू ना बाळ, दोघंच. ती गेली अन् आमी म्हणलं, आता ह्या माणसाची प्रार्थना बंद व्हते. तर कशाची! दुसऱ्या दिशी संध्याकाळी आवाज आला. देवाला म्हणायले, मी तुझ्यावर रागावलोय, तुला ठाऊक हायेच, तरी सांगतो. मला रडूच आलं बाई. मंग प्रार्थना संपली अन् सगळं चुप. सकाळी बघती तर आमच्या गल्लीतलं कुत्रं अख्खी भाकर खायलंय. दुसऱ्या दिशी बी तेच. मी ह्यांना म्हणलं, आवो, म्हातारं जेवत न्हाई. त्याला आमेन म्हणायला कुणी न्हाई.”

“मग?”

“मंग काय! हे म्हणले, आपुन कसं म्हणावं? आपलं लिंग, आपला महादेव. मी म्हणलं, महादेव काय म्हणंल ते मी बघून घेते, तुमी आधी म्हणा.” गंगाबाईंनी पुड्याची दोरी दातानं तोडली. “तवापासून रोज. हे गावाला गेले तर मी म्हणते. पण बाईचा आवाज आला की म्हाताऱ्याला काकूची याद येती, म्हणून होईल तवर ह्यांनाच पुढं करते.”

मी साखर घेऊन घरी आले. त्या संध्याकाळी काका नेहमीसारखं म्हणाले, “आज तू कर प्रार्थना, बाई.”

हे ते रोज म्हणायचे. मी रोज ताटाकडे बघायचे. आमेनसुद्धा मी पुटपुटायचे. ते काकांच्या हिशेबी धरलं जात नव्हतं. इंग्रजीतल्या पाठ प्रार्थना मला भराभर येत होत्या, पण आपल्या भाषेत, एकटीनं, कुणी ऐकत असताना देवाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

“राहू दे,” काका म्हणायचे. “तुझं मनातल्या मनात व्हायलंय. त्याला ऐकू जातंय. पण अप्पाला जात न्हाई ना. मंग शिक्का कसा मारंल?”

त्या दिवशी मात्र त्यांनी पुढे आणखी एक वाक्य जोडलं. “बरं, रोजचं मी करतो. पण माझ्या शेवटच्या फेरीला तू करायची. पाळकसाहेब चांगले हायेत, पण त्यांना इकडल्या बातम्या म्हाइत न्हाईत. तुला सगळं म्हाइत हाय. तू खिडकीत बसून सगळं बघत असती.”

मी मान खाली घातली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. काकांनी ते हो धरलं असावं. त्यांनी मन लावून भाकरी मोडली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. बीडच्या डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस ठेवून घेतलं, मग घरी न्या म्हणाले. वडील औरंगाबादहून आले. पाळकसाहेब सकाळी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देऊन गेले. दुपारनंतर काकांचा श्वास जड झाला, तसं अंगण भरायला लागलं. दुधवाले आले, रहीम टेलर आले, ज्यांची बाळंतपणं त्या जीपनं वेळेवर पोचवली त्या बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या. दारात जीप उभी होती. तिच्या बोनेटवर कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं होतं.

अप्पा दुकान बंद करून काकांच्या उशाशी येऊन बसले होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच भिंतीच्या अलीकडून आमेन म्हणायला आले होते.

काकांनी डावा हात हलवला. उशाजवळची टोपी चाचपली, उचलली. गिअरचा दांडा तर तिथे नव्हता. त्यांनी ती माझ्या मुठीवर ठेवली.

अंगणातली कुजबूज थांबली. कुणीतरी बिडी विझवली. वडिलांनी घसा खाकरला आणि हात जोडले, तशी काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत विनंती वगैरे काही नव्हती. जीप भरल्यावर ते मागे वळून बघायचे ना, सगळे बसले का, तसं पाहिलं.

अप्पा हळूच म्हणाले, “म्हण बाई. मी हाय इथं.”

मी टोपी घट्ट धरली. डोळे मिटले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, आणि बोली तर माझी नव्हतीच, त्यांची होती.

“हे प्रभू, तुला ठाऊक हायेच, तरी सांगते. हे आमचे शिमोनकाका. ह्यांची शेवटची फेरी हाय. आजवर ब्रेक ऑइल ह्यांनी बघितलं, बाकीचं तू बघितलंस. आजपासून दोन्ही तूच बघ. वरच्या थांब्यावर काकू लई दिवसांपासून उभी असंल, तिला पुढची शीट दे. अप्पांचा तराजू आता सरळ हाय. गंगाबाईंनी आज चूल पेटवली न्हाई. अंगणात गाडीभर माणसं बसलीत अन् आज कुणालाच घाई न्हाई. म्हणून तू बी घाई करू नको. आमेन होईस्तोवर क्लच सोडायचा नसतो, हा ह्यांचाच नियम हाय. अन् आज आमी आमेन लई सावकाश म्हणणार हाव.”