डोमाजीच्या म्हशीसाठी कुंपण

शेजारच्या डोमाजीच्या म्हशीनं आमचं धान तिसऱ्यांदा चरलं, तवा मी ठरवलं, आता दोघांच्या मधातल्या धुऱ्यावर (म्हणजे बांधावर) कुंपण! अन् तेही सबलीनं खड्डे खणून नाही, मशीननं. (मी किरनापूरच्या एका शाळेत बाबू आहो. ज्याची अर्धी उमर स्टेपलर मारण्यात गेली, त्याले खांब ठोकणं काय जड आहे?)

साधना, म्हणजे आमची मंडळी, म्हणे, "अवो, धुरा ओला आहे. दिवाळीनंतर ठोका. आठ दिवसापासून पाऊस नाही, धानाच्या बांधीत साचलं तेवढंच पाणी आहे. धुरा फुटला तं सारं धान वाळून जाईन. रोवून रोवून कंबर मोडली माही."

"तुले टेक्नॉलॉजी समजत नाही," मी म्हटलं. (हे वाक्य कोण्याच नवऱ्यानं बोलू नये. मी बोलून बसलो.)

रविवारी वारासिवनीवरून मशीन भाड्यानं आणली. पेट्रोलवर चालते. लोखंडी अँगलच्या डोक्यावर टोपीसारखी बसवायची, दाबायचं, अन् धडधड करत अँगल जमिनीत. दुकानदारानं विचारलं, "जमीन कैसी है, भैया?" मी छाती फुगवून म्हटलं, "एकदम नरम!" तो अजून काहीतरी सांगून राह्यलता, पण ऐकून घ्यायची मले सवय नाही.

शेतात पोचलो तं धुऱ्याखालच्या त्याच्या बांधीत (म्हणजे धानाच्या खाचरात) डोमाजी बसलेला, बाजूले म्हैस. त्याच्या बांधीले भेगा पडल्या होत्या. तीन दिवसापासून तो विनवणी करत होता, "बाबूजी, धुऱ्याले एक भोक पाडू द्या जी. थोडंसं पाणी येईन." मी म्हटलं होतं, "आधी म्हशीले सांभाळा, मग पाणी मागा." आता तो माझी मशीन पाहून राह्यलता.

पहिला अँगल असा सरकन आत गेला का मले वाटलं, आपण फुकट बाबू झालो, इंजिनियर व्हायले पाहिजे होतं. दुसरा, तिसरा, दहावा... विसावा ठोकता ठोकता मी आमच्या बांधीत उभ्या साधनाले आवाज देला, "पाह्यलं का?"

"पाहून राह्यली. तुमचा पहिला अँगल कुठं गेला?"

मागं वळलो. पहिला अँगल वाकून डोमाजीले नमस्कार करत होता. दुसराही. धडधडीनं सारा धुरा खिळखिळा झालता अन् एकेका अँगलच्या बुडातून पाणी बुडबुडत होतं.

"अवो, बंद करा थे!"

मी घाबरून अजून जोरानं दाबली. भस्सकन धुरा बसला! आमचं पाणी डोमाजीच्या बांधीत निघालं, पाण्यासोबत मी, अन् माझ्यासोबत मशीन. मांडीपर्यंत चिखलात रुतलो.

डोमाजीनं हात जोडले. "बाबूजी, मी एकच भोक मागतलं होतं जी. तुमी वीस पाडून देले. लय मोठं मन तुमचं!"

साधना रडत होती. माझ्यासाठी नाही, धानासाठी. खरं सांगतो, तवा मले लय लाज वाटली.

मले काही निघता येईना. शेवटी डोमाजीनं दोर आणला, एक टोक माझ्या काखेत बांधलं अन् दुसरं म्हशीच्या गळ्यात. जिले अडवायले निघालतो, तिनंच मले ओढून काढलं. मग डोमाजीनं धुरा बांधला. नाला आटल्यापासून पडून असलेलं त्याचं पाणी उपसायचं इंजिन आपल्या बांधीत लावलं अन् अर्धं पाणी आमचं आम्हाले वापस केलं. धान वाचलं बाप्पा!

दिवाळीनंतर धान कापून कुंपण झालं. साधना अन् डोमाजीनं केलं, सबलीनं. फाटक बसलं, कुलूप लागलं. एक चावी साधनाजवळ, एक डोमाजीजवळ.

"अन् माही चावी?" मी विचारलं.

"कुंपण काहून घातलं?" साधना म्हणे. "नुकसान करणारं आत येऊ नये म्हणूनच न?"

सध्या म्हैस आत बसून आरामात तणस खाऊन राह्यली आहे. साधनाचा डबा मी कुंपणाच्या तारेवरून देतो.