वासूअण्णांचं पाप

आमच्या ऑफिसात कुणाच्या घरी मयत झालं, की पहिली खटपट असे ती वासूअण्णांना कळू न देण्याची.

बंगळूरला तेव्हा नव्यानेच निघालेल्या सरकारी कारखान्यात आम्ही दोघे ड्राफ्ट्समन. अण्णा मूळचे निपाणीचे. कॉलेजात त्यांनी ग्रीक स्टोइकांचं काहीतरी वाचलं आणि ते अंगात भिनलं. "आपलं वागणं तेवढं चांगलं किंवा वाईट. बाकी आजार, बढती, मरण... सगळं हवामान!" डब्यातली आमटी आळणी निघाली तरी हवामान, आणि त्यांना डावलून कालच्या पोराला वर चढवलं तरी हवामान.

हेडसाहेब वारले तेव्हा त्यांच्या मुलांना अण्णा म्हणाले, "मरण वाईट नाही. तुम्ही औषधपाणी नीट केलंत ना? मग झालं." दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले, आणि प्रेत उचलायच्या आधीच भांडण जुंपलं.

खोटं बोलणं मात्र अण्णांच्या लेखी खरंखुरं वाईट. साहेब खोलीत असताना फोनवर "नाहीत" म्हणून सांगायलाही त्यांची जीभ रेटत नसे. बढती त्यापायीच हुकली.

मग त्यांचा धाकटा भाऊ बाळू हुबळीला अपघातात गेला. दहावं-तेरावं उरकून अण्णा कामावर आले, पेन्सिलीला टोक केलं आणि ड्रॉइंगवर वाकले. "दगड आहे," कुणीतरी पुटपुटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या रविवारी मी बसवनगुडीला त्यांच्याकडे गेलो. शेजारची अक्का फाटकातच म्हणाली, "स्वल्प हळू जा. म्हातारीला बाळू गेल्याचं सांगितलं, की ती विसरते. पुन्हा सांगितलं, की पुन्हा नव्याने टाहो फोडते."

आतल्या खोलीत आई खाटेवर होती. दृष्टी गेलेली. अण्णा तिचे पाय चेपत होते.

"बाळू, कधी आलास रे?"

"आत्ताच, आई." आवाज अण्णांचा नव्हता. हलका, लाडिक, हुबळीच्या हेलातला होता. मी दारातच थबकलो.

"मला तुझ्याकडे घेऊन चल बाबा. वासू काही कमी करत नाही, पण मायेनं दोन शब्द बोलेल तर शपथ! लहानपणापासून कोरडाच तो."

"तसाच आहे तो, आई."

"मी असं म्हटलं ते सांगू नकोस हं त्याला. वाईट वाटेल."

अण्णांचे हात थांबले.

"नाही सांगणार," ते म्हणाले, आणि त्यांनी तिचं दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.