हव्वाबीच्या डब्यातलं जर्मन गोश्त

"रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं! असं गोश्त खाल, की पनवेलमध्ये कुणाच्या बापाने खाल्लं नसेल!"

बकरीदच्या सकाळी नमाजहून परतताना दाऊदचाचांनी बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून ही दवंडी पिटली. ऐकायला तिघंजण होते. तळमजल्यावरचा हार्डवेअरवाला नोमान म्हणाला, "इन्शाअल्ला, बघू चाचा." दुसऱ्याला तेवढ्यात फोन आला. तिसऱ्याला फोन आला नव्हता, तरी त्याने मोबाइल कानाला लावला.

चाचा खचले नाहीत. बीवी मुबीना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांच्या घरात येऊन कुणी खाली म्हणून टेकलं नव्हतं. लोक वाईट नव्हते हो! दारात यायचे, "काय चाचा, तबियत बरी?" विचारायचे, आणि चाचा "बरी आहे, पण काल काय झालं..." म्हणेपर्यंत जिना उतरून गेलेले असायचे. अशी कितीतरी 'काल काय झालं' चाचांच्या पोटात साठून राहिली होती. मुलगा बहरीनला. तो दर ईदला फोन करायचा, पण त्यातला निम्मा वेळ "अब्बा, आवाज येतोय का?" यातच जायचा.

तेव्हा चाचांनी ठरवलं, एकदा तरी माणसं घरात बसवायची. आणि माणसं बसवायची तर साधं गोश्त उपयोगाचं नाही. ते तर बकरीदला प्रत्येकाच्या घरी ढिगाने असतं. काहीतरी असं हवं, की लोकांनी वास घेत जिना चढला पाहिजे!

चाचा बावीस वर्षं एका जर्मन कंपनीच्या मालवाहू जहाजावर भटारखान्यात होते. तिथला मुख्य आचारी हेर्मान हा ऑस्ट्रियाचा, पाण्याच्या टाकीएवढा माणूस. त्याच्या हाताखाली चाचांनी मोठ्या जनावराच्या गोश्ताचे तीन प्रकार पाहिले होते. पहिला टाफेलश्पित्स. तो नुसता पाण्यात उकडलेला. चाचांच्या मते ते आजाऱ्याचं जेवण. दुसरा रुलाडेन. गोश्ताच्या पातळ कापाला मोहरी फासायची, आत काकडीचं लोणचं ठेवायचं, गुंडाळी करायची आणि दोऱ्याने बांधायची. जेवताना तो दोरा दातात अडकतो, आणि चाचांकडे दात होते सहा! राहिला तिसरा, साऊरब्राटेन. गोश्ताचा अख्खा तुकडा पाच-सहा दिवस सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून ठेवायचा, मग मंद आचेवर तीन-साडेतीन तास शिजवायचा. जगातलं सगळ्यात सावकाश गोश्त! चाचांकडे बाकी काही नसलं तरी वेळ भरपूर होता.

बिल्डिंगमधल्या सात घरांनी मिळून एका रेड्याची कुर्बानी केली होती. त्यातला एक हिस्सा चाचांचा. बोट्या पाडायला बसलेल्या कसायाला चाचा म्हणाले, "माझ्या मांडीच्या तुकड्याला सुरी लावू नकोस. अख्खा दे."

"अख्खा? चाचा, घरात वाघ पाळलाय काय?"

"तू दे तर!"

घरी आल्यावर कळलं, की दोन किलोचा तो धोंडा मावेल असं एकही भांडं मुबीनाच्या मांडणीत नाही. चाचा समोरच्या हव्वाबीकडे गेले. हव्वाबी साठीची, बिल्डिंगची बिनपगारी फौजदार. तिने झाकणाचा मोठा स्टीलचा डबा दिला आणि वर सुनावलं, "माझ्या लग्नातला आहे. नाव कोरलंय. हरवला तर निकाह लावून नवा आणावा लागेल!"

चाचांनी डब्यात गोश्त ठेवलं, सिरका ओतला, कांदा, गाजर, लवंगा, मिरी, तमालपत्र घातलं. हेर्मान यात लाल दारूची बाटली रिकामी करायचा. तौबा तौबा! चाचांनी तिच्या जागी आमसुलाचं पाणी घातलं. रंग तोच आला, शिवाय जन्नतचा रस्ताही मोकळा राहिला. मग डबा फ्रिजमध्ये ठेवला.

आता हा फ्रिज! बापाला भेटायला सुट्टी मिळत नव्हती म्हणून मुलाने बहरीनहून पैसे पाठवून घेऊन दिला होता. दोन दारांचा, कपाटाएवढा. आत असायचं काय, तर तीन अंडी आणि दह्याची वाटी. एरवी चाचांच्या दाराकडे न बघणारी सगळी बिल्डिंग बकरीदच्या संध्याकाळी त्या दारात उभी राहिली, हातात गोश्ताच्या पिशव्या घेऊन!

"चाचा, आमचा फ्रिज भरला, ठेवते हां!"

"चाचा, एवढं वरच्या कप्प्यात!"

"या, या, बसा ना," चाचा म्हणायचे.

"नको, गोश्त गरम होईल!"

दोन दिवस ही वर्दळ चालली. लोकांनी फ्रिजची चौकशी केली, फ्रिजची तारीफ केली, एकाने तर फ्रिजच्या दारावर प्रेमाने हात फिरवला. चाचांना त्या फ्रिजचा हेवा वाटू लागला! पण ते डबा रोज उघडून तुकडा उलटा करायचे आणि त्यालाच सांगायचे, "थांब. रविवार येऊ दे."

रविवार आला. साऊरब्राटेनचा रस दाट करायला हेर्मान आल्याची बिस्किटं कुस्करून घालायचा. ती मिळतात खांदा कॉलनीतल्या एका बेकरीत. चाचा सकाळीच निघाले आणि किल्ली नेहमीप्रमाणे हव्वाबीकडे देऊन गेले.

इकडे हव्वाबीला तिची कलेजीची पिशवी हवी होती. तिने चाचांचा फ्रिज उघडला. समोर तिच्या नावाचा डबा! आठवड्यात सात घरांत भांडी देऊन-घेऊन तिचं डोकं भंजाळलं होतं. नाव आपलं म्हणजे गोश्त आपलं, हा सरळ हिशेब. डबा घरी नेऊन तिने झाकण काढलं.

लाल-काळं पाणी. त्यात तरंगणारी पानं. मधोमध राखाडी पडलेला धोंडा. आणि नाकाचे केस जळतील असा आंबट भपकारा!

"या अल्ला! कुर्बानीचं गोश्त सडलं!"

ही किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली. नोमान स्क्रू मोजत होता, तो हातातले स्क्रू घेऊनच धावत आला. पाच मिनिटांत बिल्डिंगभर झालं, की चाचांचा फ्रिज बंद पडलाय. दहा मिनिटांत झालं, की चाचांनी विजेचं बिल वाचवायला रोज तो बंदच ठेवला होता. चाचा बिस्किटांचा पुडा छातीशी धरून जिना चढले, तेव्हा त्यांच्या घरात पंधरा माणसं उभी होती.

एक क्षण चाचांचा ऊर भरून आला. "आलात! या, या! पण जरा लवकर आलात, अजून चढवायचंय..."

"काय चढवायचंय?" नोमान ओरडला. "आमचं सगळं गोश्त सडवलंत! गरिबांचा वाटापण त्यातच होता!"

"सडलं? अरे, ते जर्मन गोश्त आहे! सिरक्यात ठेवलंय मुद्दाम!"

"मुद्दाम सडवलं!" हव्वाबीने सगळ्यांना सांगितलं.

पिशव्या उघडून बघितल्या, तर सगळ्या दगडासारख्या गोठलेल्या. पण नोमानचा विश्वास बसेना. "वरून बर्फ आहे. आत काय आहे कोण सांगणार?"

सांगणारी त्याच वेळी जिना चढत होती. सोनाबाई, उरणची कोळीण. चाळीस वर्षं मासळी विकून तिचं नाक असं तयार झालं होतं, की पापलेट कुठल्या वारी पकडलंय ते सांगायची. सगळ्यांनी तिला डब्यासमोर उभं केलं.

"आमी ह्ये खात नाय हां," सोनाबाई म्हणाली.

"खाऊ नको, बाय. नुसता वास घे."

सोनाबाईने पाटी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. पंधरा माना पुढे झुकल्या.

"कुजलं नाय," तिने निकाल दिला. "आंबाट हाय. पन दादा, ह्ये असं कशाला केलंव? जिवंतपनी त्या रेड्यानं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?"

तरी शंका फिटेना. शेवटी हव्वाबीने कंबरेवर हात ठेवले. "शिजवा. आमच्यासमोर. आणि पहिला घास तुम्ही खायचा! तुम्ही टिकलात तर आम्ही पिशव्या नेऊ."

"शिजवतो! पण साडेतीन तास लागतील."

"आम्ही बसलोय!" असं म्हणून नोमान खरोखरच बसला. त्याच्या मागोमाग पंधराच्या पंधरा बसले. खुर्च्यांवर, पलंगावर, सतरंजीवर. सोनाबाईसुद्धा उंबऱ्याशी टेकली. "आता म्हातारा जगतो का मरतो बघूनच जाईन. मासळी काय, बर्फावर हाय."

चाचांनी तुकडा तेलात चहूबाजूंनी परतला, सिरक्याचं पाणी ओतलं, मीठ घातलं, झाकण ठेवलं. मग चहा टाकला. कप पुरेनात, तेव्हा मुबीनाच्या हातची कपाटात ठेवलेली फुलाफुलांची कपबशी निघाली. पहिल्या तासात लोक डोळे वटारून बसले होते. दुसऱ्या तासात कुणीतरी विचारलं, "चाचा, जहाजावर रोज हेच खायचे का?" आणि बांध फुटला! चाचांनी वादळात हेर्मान सूपाच्या पातेल्यात कसा बसला ते सांगितलं. नोमानने त्याच्या सासऱ्याची नक्कल केली. हव्वाबी इतकी हसली की तिला ठसका लागला. दुपारच्या जोहरच्या नमाजला पुरुष बाहेरच्या खोलीतच रांगेत उभे राहिले. चाचांना दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदे लागले, तेव्हा त्यांना आयत आठवायला जरा वेळच लागला.

आणि इथेच चाचांची बुद्धी फिरली.

अडीच वाजता त्यांनी आत जाऊन गोश्तात सुरी घातली. लोण्यात जावी तशी गेली. झालं होतं! आता वाढायचं, एक घास खायचा, आणि... आणि पंधरा माणसं पंधरा पिशव्या घेऊन घरी जाणार. बाहेर नोमान कुठलासा किस्सा रंगवत होता. चाचांनी पातेल्यात पेलाभर पाणी ओतलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "अजून तासभर!"

साडेतीनला पुन्हा पाणी. "अजून थोडं!"

"चाचा, हे गोश्त आहे की सिमेंट?" हव्वाबीने विचारलं.

"जर्मन आहे. घाई चालत नाही त्याला."

चार वाजता गॅस फडफडला, पिवळा झाला आणि विझला. सिलिंडर संपला! एकट्या माणसाचा सिलिंडर, चार-चार महिने पुरणारा, त्याला अशा आचेची सवयच नव्हती.

"माझ्याकडे आणा!" हव्वाबीने हुकूम सोडला. नोमानने फडक्याने पातेलं उचललं. पातेलं पुढे आणि माणसं मागे, अशी वरात समोरच्या घरात शिरली. पाटी उचलून सोनाबाईही निघाली. चाचा रेग्युलेटर बंद करायला मागे राहिले. बंद करून बाहेर आले, तर खोलीत चहाचे कप, चुरगळलेली सतरंजी, आणि घूं घूं करणारा फ्रिज.

समोरून हसण्याचा आवाज येत होता. चाचा पलंगावर बसले. आता बोलावतील, शिजलं की नाही ते आपल्याशिवाय कोण सांगणार? पाच मिनिटं झाली. दहा झाली. चाचांनी कप धुतले. सतरंजीची घडी केली. पुन्हा उलगडून पुन्हा घडी केली. कुणी बोलावलं नाही.

मग त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि समोरच्या दारात जाऊन ओरडले, "थांबा! मीठ घालायचं राहिलंय!"

"बरं झालं आठवलं!" सगळे म्हणाले. आता घालण्यावाचून सुटका नव्हती. चाचांनी चिमटीत चार कण घेतले.

"एवढ्याने काय होणार? दोन किलोचा तुकडा आहे!" नोमानने बरणी हिसकावली आणि मूठभर मीठ टाकून वर ढवळलंदेखील. ढवळताना तुकड्याची दोरखंडासारखी सुतं सुतं झाली.

ठरल्याप्रमाणे पहिला घास चाचांचा. त्यांनी तो तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. कानशिलं हलली.

"सडलंय!" कुणीतरी किंचाळलं.

"नाही," चाचा कसेबसे म्हणाले. "असंच असतं."

नोमानने बोट बुडवून चाखलं. "अरे, हा तर समुद्र आहे!" मग तो विचारात पडला. "पण सडलेलं नाही. एवढ्या मिठात सडणार कसं?"

हा मुद्दा सर्वांना पटला. फ्रिज निर्दोष सुटला. हव्वाबीने भराभरा तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, लोकांनी भाकरीचा मोठा तुकडा आणि गोश्ताचं एक सूत या प्रमाणात जेवण उरकलं, माणशी चार ग्लास पाणी प्यायले, आणि पाच वाजता आपापल्या पिशव्या घेऊन पांगले.

चाचा हव्वाबीच्या मोरीत पातेलं घासत बसले होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"चाचा, मीठ तुम्ही आधीच घातलं होतं. मी बघत होते."

चाचांनी काथ्या आणखी जोरात फिरवला.

"आणि अडीच वाजता शिजलं होतं. तेही बघितलं." हव्वाबीने डबा उचलून पुसला. "माणसाने यायचं असेल तर नुसतं यावं की! समोर तर दार आहे. त्यासाठी अख्खा रेडा खारवायची काय गरज होती?"

चाचांनी नळ बंद केला. ओले हात लुंगीला पुसले. 

मग हळूच विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"