शेवट न सांगण्याची अट

वझीरभाईंना अमेरिकेतली गुलामगिरी संपली की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना सांगायची आमच्या कॅम्पात कुणाची छाती नव्हती.

म्हणजे ठाऊक असणारच. पण सौदीतलं जुबैल सोडून जाताना आमच्या कंपनीतला एक गोरा इंजिनिअर इतिहासाचं जाडजूड पुस्तक टाकून गेला होता. त्याची शेवटची शंभरेक पानं गायब होती, आणि पुस्तकात वाचल्याशिवाय भाई काही मानत नसत. डिक्शनरी घेऊन रोज एक पान, असा त्यांचा अभ्यास. मी एकदा तोंड उघडलं, तर हातातला पाना माझ्यावर रोखून म्हणाले, "कुलकर्णी, शेवट सांगशील तर बघ! अजून भांडण चालू हाय."

भाई दाभोळचे, आमच्या वर्कशॉपचे फोरमन. मी तिथं टाइमकीपर. शुक्रवारची नमाज आणि बिर्याणी आटोपली की भाई मेसमध्ये ते भांडण लावून द्यायचे. खिडकीकडची टेबलं गुलाम सोडा म्हणणारी उत्तर, भिंतीकडची गुलाम राखणारी दक्षिण. "दोनी बाजू आयकायच्या, यल्ला!" हे त्यांचं पालुपद. कासिमच्या घरी रत्नागिरीला हापूसच्या कलमांची बाग होती, म्हणून तो बिचारा कायमचा दक्षिणेचा मळेवाला. कुवेतच्या लढाईसाठी पोर्टावर अमेरिकन सैन्य उतरलं, आम्हांला गॅसचे मास्क वाटले गेले, तरी वाद थांबला नाही. मास्कच्या कवायतीतही भाई आतून घुमत होते. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

एकदा कासिमला चेव आला. "माझ्या माणसांना जेवण आहे, खोली आहे, आजारी पडले तर औषध आहे. तुमच्या उत्तरेच्या गिरण्यांत कोण विचारतो?" भिंतीकडच्यांनी टेबलं बडवली. भाई शांतपणे म्हणाले, "बरोबर. आनी त्यांना घरी जायचं झालं तर?"

त्या रात्री मेसमधली ताटं तशीच राहिली. आम्ही काही गुलाम नव्हतो, पगार घेत होतो. पण आमचे पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात, कपाटात कुलपाखाली होते, आणि आता तर सायरन वाजायला लागले होते. पासपोर्ट खिशात असता तर निदान जेवण गेलं असतं.

भाईंनी पासपोर्ट परत मागायचा अर्ज करायचं ठरवलं. मी टाइप केला, बावीस जणांनी सह्या केल्या. कंपनीच्या साहेबांनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला. भाईंना केवढा आनंद! "तिकडं पन असंच! गुलामांच्या बाबतीतले अर्ज वाचायचेच नाय, असा त्यांच्या सभेनं नियम केलान. तरी बायका पाठवत रायल्या. ज्यांना जल्मात बगितलं नाय, त्यांच्यासाठी सह्या, कुलकर्णी!" मग दर शनिवारी सकाळी एक अर्ज जायला लागला. पाचव्या शनिवारी भाई पासपोर्टांची पिशवी घेऊनच ऑफिसातून बाहेर आले. मेसमध्ये सगळ्यांना शिरखुर्मा मिळाला. भिंतीकडच्यांनाही!

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या बावीसांतला बशीर नावाचा एक वेल्डर बसमध्ये बसून जेद्दाला भावाकडे पळाला. आम्ही हसलो. भाई मात्र हसले नाहीत.

का, ते लढाई थांबल्यावर कळलं. आम्ही सुट्टीच्या तयारीला लागलो आणि भाई नेहमीसारखे वर्कशॉपमध्ये. त्यांच्या मुलीचा निकाह त्यांच्यासाठी दोनदा पुढे ढकलला होता. मी ऑफिसच्या क्लार्कला विचारलं. भाईंनी आमचे पासपोर्ट सोडवले होते ते स्वतःचा ठेवून, "एक जरी मानूस पळाला तर माजा देऊ नका" या बोलीवर. मला स्वतःचाच राग आला. पिशवीत एक पासपोर्ट कमी आहे, हे दुसऱ्यांचे तास मोजणाऱ्या माणसाला कळू नये!

त्या शुक्रवारी मेसमध्ये वाद झाला नाही. भाई झोपलेले बघून आम्ही त्यांच्या पासपोर्टसाठी अर्ज लिहिला. पहिली सही कासिमची. साहेबांनी ड्रॉवर उघडला. पुढच्या शनिवारी दुसरा अर्ज, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरा. बशीरनंही जेद्दाहून सही करून पाठवली, शरमेची एक चिठ्ठी जोडून. चौथ्या अर्जाला साहेबच कंटाळले.

पासपोर्ट हातात पडल्यावर भाईंनी आधी तो अर्ज मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "इंग्रजी कच्ची हाय तुजी." डोळे मात्र पुसले.

निघायच्या दिवशी बॅग भरता भरता त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं, "कुलकर्णी, सुटले काय रे ते?"

"सुटले, भाई. पण फार मोठी लढाई झाली."

"लढाई झाली असंल. पन आदी कुनीतरी सह्या केल्या होत्या ना?"

"हजारोंनी."

"मग झालं," म्हणाले, आणि पुस्तक कपड्यांच्या मधोमध ठेवलं. जिथून पानं गेली होती तिथं आमचा अर्ज घडी घालून लावलेला होता.