न घासलेला तवा आणि चौदा सेकंद

तवा घासायचा नाही, असं नेव्हिल ट्रँटरने बुधवारी सकाळी सहा वाजता ठरवलं. एवढंच ठरवलं. पुढे जे झालं त्यात आपला हात नव्हता, असं तो अजून म्हणतो. (ते खरंच आहे. तव्याला त्याने हात लावलाच नव्हता, सगळी भानगड तिथेच आहे.)

तवा म्हणजे बार्बेक्यूचा, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचा. नाताळपासूनची चरबी त्यावर बसली होती आणि आता जुलै चालू होता. नेव्हिलचं म्हणणं, चरबी म्हणजे चव. त्याची बायको डल्सी, तिचं म्हणणं, चरबी म्हणजे चरबी. त्या दिवशी कर्ल्यू बेच्या धक्क्यावर अकरा पाहुण्यांसाठी सॉसेज भाजायचे होते आणि डल्सीने आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं, "आधी स्क्रब कर. पुसू नकोस, पाणी मारू नकोस. तारेचा ब्रश घेऊन स्क्रब कर."

डल्सीच्या घरात धुणं वेगळं, पुसणं वेगळं आणि स्क्रब वेगळं. घाम निघाला तरच ते स्क्रब.

आता हे अकरा पाहुणे कोण, तर रॉकेटवेडे. गावापासून आठ किलोमीटरवर, खाडीपलीकडे, एका कंपनीने रॉकेट उभं केलं होतं. पहिलंच, नमुन्याचं. ते चंद्रावर वगैरे जाणार नव्हतं. जमेल तेवढं उडायचं आणि खाली यायचं, इतकंच त्याचं काम. कोंबडीसुद्धा यापेक्षा जास्त करते. पण हे बघायला धडधाकट माणसं हजारो किलोमीटर कॅरॅव्हॅन ओढत यायची, धक्क्यावर घडीच्या खुर्च्या मांडून बसायची आणि खाडीपलीकडच्या त्या पांढऱ्या काडीकडे दुर्बिणीतून बघत राहायची.

काडी काही उडायची नाही. वारा फिरला, एखादी झडप अडकली, की कंपनी त्या दिवसापुरतं रद्द करायची. याला रॉकेटवाले म्हणतात, "स्क्रब झालं." शब्द तोच, घाम दुसऱ्यांचा. सहा वेळा स्क्रब झालं होतं. ते झालं की ही मंडळी वाद घालत नाहीत. मयतीहून उठावं तशी गुपचूप उठतात, खुर्च्या मिटतात आणि बेकरीकडे चालू लागतात, कारण बेकरीतले मटण-पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेले, दहाला संपतात.

ही स्क्रबची बातमी सर्वांत आधी नेव्हिल द्यायचा. त्याची भाची टेगन कंपनीच्या फाटकावर पहारा करते. ती मामाला फोन करायची आणि मामा धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा, "स्क्रब." अडतीस वर्षं उसाची आगगाडी चालवल्याने त्याचे कान गेले होते, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. कंपनीची बातमी त्यानंतर दहा मिनिटांनी यायची. सहाच्या सहा वेळा तो बरोबर होता. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही बाबतीत त्याच्याबद्दल असं म्हणता येत नाही.

ओरडताना त्याला आनंद व्हायचा, कारण त्याने गावच्या बोल्स क्लबात, जिथे म्हातारे हिरवळीवर चेंडू घरंगळवतात, चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "तो डबा माझ्या डोक्याच्या वर गेला, तर क्लबाचा तवा वर्षभर मी घासतो." क्लबाचा तवा म्हणजे घरच्या तव्याचा बाप.

पण खरी गोष्ट निराळी होती. सहाही वेळा नेव्हिल पहाटेच येऊन धक्क्याच्या अगदी कडेला उभा राहिला होता. अडतीस वर्षं शेतातून गिरणीत आणि गिरणीतून शेतात, ताशी पंचवीसच्या वर कधी नाही. रुळावरून काही सुटून वर जातंय, हे त्याला एकदा बघायचं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. डल्सीला तर मुळीच नाही.

या रॉकेटवेड्यांचा म्होरक्या अर्विन पॅस्को. ॲडलेडचा दातांचा डॉक्टर, आता निवृत्त. अडीच हजार किलोमीटर गाडी चालवून तो सातव्यांदा आला होता. दरवेळी वहीत पेन्सिलीने तारीख आणि पुढे 'स्क्रब' एवढं लिहून परत जायचा.

"या वेळी शेवटचं," त्या सकाळी खुर्ची उघडताना त्याने नेव्हिलला सांगितलं. "घरी ठरलंय. आज बघितलं नाही तर कॅरॅव्हॅन विकायची."

"विक," नेव्हिल म्हणाला. "ते नाही उडत."

"मग तू का येतोस रे?"

"मी तवा घेऊन आलोय."

"आधीच्या सहा वेळा कुठे होता तवा?"

नेव्हिलला ऐकू आलं नाही. (असे काही प्रश्न त्याला अजिबातच ऐकू येत नाहीत.)

साडेनऊ झाले. ग्लेनिस नावाची एक बाई होबार्टहून आली होती, तिच्या फोनवर कंपनीचं थेट प्रक्षेपण लावलं होतं, पण खाडीवर नेटवर्कची बोंब, नुसतं गोल गोल फिरत होतं. सगळ्यांचे कान म्हणून नेव्हिलच्या फोनकडे. आणि तो वाजला.

टेगनचा नव्हता. डल्सीचा होता. नेव्हिल समुद्राकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून बोलू लागला, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे कुजबुजू लागला.

"हो. स्क्रब."

मागे अकरा माना वर झाल्या.

"झालं म्हणतोय ना. स्क्रब झालं. सकाळी सहालाच."

ग्लेनिसने फोन बंद केला.  अर्विनने वही काढली, तारीख घातली, पुढे तो एक शब्द लिहिला आणि पेन्सिल खिशात टाकली.

"पूर्ण स्क्रब. काही शिल्लक नाही. कोणालाही विचार इथे."

कोणाला विचारायची गरजच उरली नव्हती. खुर्च्या मिटल्या गेल्या, दुर्बिणी पेट्यांत गेल्या. मंडळी नेव्हिलच्या पाठीमागे इतक्या शिस्तीत आवरत होती, की कान शाबूत असलेल्यालाही कळलं नसतं. आणि नेव्हिलचं लक्ष नव्हतंच, कारण तिकडून डल्सीने विचारलं होतं, "मग तारेचा ब्रश इथे सिंकखाली काय करतोय?"

याला उत्तर हवं होतं. नेव्हिल समुद्राकडे बघत उत्तर शोधू लागला. आणि त्याला दिसलं, की खाडीपलीकडची काडी पूर्वीपेक्षा लांब झाली आहे.

लांब नव्हती झाली, वर गेली होती. खाली उजेड होता. आवाज काही नाही. साखर गिरणीचं धुराडं जागचं उठून सावकाश चालू लागावं, तशी ती वर सरकली. मग एका अंगाला कलली, वळणावर उसाने भरलेली वाघीण कलते तशी, आणि तशीच तिरकी जाऊन खारफुटीच्या मागे खाली बसली. धुराचा एक गोळा वर आला. सगळं मिळून चौदा सेकंद.

"नेव्हिल," फोनमधून डल्सी म्हणाली, "मी ब्रशचं विचारतेय."

नेव्हिलने तोंड उघडलं होतं, पण ते ब्रशसाठी नव्हतं.

आठ किलोमीटर चालून यायला आवाजाला तेवीस-चोवीस सेकंद लागतात. म्हणजे रॉकेट पडून, धूर होऊन गेल्यावर तो धक्क्यावर पोचला. तव्यावरचं झाकण थडथडलं, सीगल उडाले आणि अकरा माणसं एकदम वळली. अर्विनची बोटं मिटलेल्या खुर्चीत तशीच अडकून राहिली.

"हा कसला आवाज?"

"ते होय," नेव्हिल म्हणाला. "उडालं."

"काय उडालं?"

"तेच. उडालं आणि पडलं."

"अरे पण तू स्क्रब म्हणालास ना."

"ते तव्याचं. डल्सी विचारत होती."

"आणि उडताना दिसलं तर हाक नाही मारायची?" ग्लेनिस म्हणाली.

"कधी मारू बाई? चौदा सेकंद होते. मला खोकून घसा मोकळा करायलाच दहा लागतात."

 अर्विनने खुर्चीतून बोटं सोडवली, तव्याजवळ गेला आणि झाकण उचललं. आत नाताळ होता तसाच होता.

"हा स्क्रब केलाय?" त्याने अगदी हळुवार विचारलं. चाळीस वर्षं माणसं त्याच्या खुर्चीत आ करून सांगत आली होती, की आम्ही दिवसातून दोनदा ब्रश करतो. त्याला नजर होती.

नेव्हिल बुटांकडे बघू लागला. म्हणजे तेही स्क्रब खोटं आणि हेही खोटं.

अर्विन ओरडला असता तर नेव्हिलला बरं वाटलं असतं. पण तो ओरडला नाही. त्याने खुर्ची परत उघडली, बसला, वही मांडीवर घेतली आणि लिहिलेला तो शब्द खोडरबराने पुसला.

"सांग," तो म्हणाला. "सावकाश. काही गाळू नकोस."

नेव्हिलने सांगितलं. चौदा सेकंदांना पाऊण तास लागला. बाकीचे दहा जण भोवती उभे राहिले, बेकरीतले मटण-पाय संपले तरी कोणी हललं नाही. उजेड कुठल्या रंगाचा होता, कललं ते डावीकडे की उजवीकडे, हे त्यांनी चारचारदा विचारून घेतलं. ग्लेनिसने तर ते कलणं हाताने करून दाखवायला लावलं.

शेवटी अर्विनने पेन्सिल रोखली. "उंच किती गेलं?"

नेव्हिल थांबला. नुसतं 'गुडघ्याइतकं' म्हणून मोकळं होता आलं असतं. तिथे बघणारा दुसरा कोण होता? क्लबाचा तवा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, कोपऱ्यातल्या त्या हिरव्या भागासकट. मग त्याने अर्विनकडे पाहिलं. अडीच हजार किलोमीटर, सात वेळा, आणि हातात एवढीशी पेन्सिल.

"गिरणीच्या धुराड्याएवढं," नेव्हिल म्हणाला. "लिही. वर अजून थोडं."

"सही कर मग."

नेव्हिलने साक्षीदार म्हणून सही केली. शाळा तिसरीतच सुटली होती, पण या सहीत त्याने एकही अक्षर गाळलं नाही.

सही झाल्यावर त्याला कांद्याचा वास आला. मागे डल्सी उभी होती. एका हातात कापलेल्या कांद्यांचं पातेलं, दुसऱ्यात तारेचा ब्रश.

"धुराड्याएवढं का," ती म्हणाली. "बरं झालं. क्लबात कळवते."

अर्विनने तिथूनच घरी फोन लावला.

"उडालं," तो बायकोला म्हणाला. बराच वेळ ऐकलं. "नाही. मी बेकरीकडे निघालो होतो." आणखी ऐकलं. "हो, दुसरं बांधतायत म्हणे." मग फोन ठेवून त्याने नेव्हिलला सांगितलं, कॅरॅव्हॅन सध्या विकत नाही. पण पुढच्या वेळी तू फोनवर बोलायचं असेल तर गाडीत बसून काचा वर करून बोल.

त्या रविवारी नेव्हिल क्लबाच्या तव्याशी अडीच तास झटला. खरोखर झटला, शर्ट भिजला, ब्रशच्या निम्म्या तारा गेल्या. मग डल्सी आली. तिने तव्यावरून एक बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं आणि रॉकेटवाल्यांच्या सुरात सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं म्हणाली, "स्क्रब. पुढच्या रविवारी परत."

आणि सगळे निमूट उठून खुर्च्या मिटू लागले.