कोरा चहा

जालूशेठ नवल्यांनी सकाळचा चहा हातात घेतला, कपात पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला.

"अश्विनी, आजपासून माझ्या चहात दूध नको."

अश्विनीने आधी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नासलंय व्हय?"

"न्हाई. सोडलंय."

"कुनी?"

"मी."

बेलापुरात एखाद्याने मटण सोडलं, तर त्याचं कोणाला काही वाटत नाही. गळ्यात माळ घातली असेल म्हणतात आणि जत्रेत त्याच्या वाटचे तुकडे आपसात वाटून घेतात. दारू सोडली, तर कौतुक करतात आणि पुन्हा कधी धरतोय त्याची वाट बघतात. पण दूध सोडलेला माणूस गावाने पाहिलेला नव्हता. दूध उपासाला चालतं, आजाऱ्याला चालतं, बाळंतिणीला चालतं, नागोबालासुद्धा चालतं. त्यातून जालूशेठ हे गावच्या दूध संकलन केंद्राचे मालक. केंद्राच्या दारावर पाटी होती. तिच्यावर फेटा बांधलेले खुद्द जालूशेठ दुधाचा पेला तोंडाला लावून उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'आमचे दूध, आमची ताकद'. पाटी रंगवली तेव्हा ते पाटीत मावत होते.

अलीकडे मात्र दुधाचा कॅन टेम्पोत चढवला की त्यांना बाजूच्या ओट्यावर बसावं लागे. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून वजन उतरवायला सांगितलं. कसं उतरवायचं ते पुण्याला नोकरी करणाऱ्या मोनिकाने, म्हणजे लेकीने, व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"पप्पा, प्लांट-बेस्ड डाएट. झाडापासून मिळतं तेवढंच खायचं. मटण, अंडी, दूध, दही, तूप सगळं बंद."

"गाय बी झाडपालाच खाती की," जालूशेठनी म्हणून पाहिलं.

"पप्पा, मला शब्द द्या."

एकुलत्या एक लेकीचे डोळे फोनमध्येही भरलेले दिसत होते. जालूशेठनी शब्द दिला. फॅट कमी लागला म्हणून जन्मभर लोकांना ऐकवलेल्या माणसाला आता फॅट जास्त झाला म्हणून ऐकून घ्यावं लागत होतं.

दूधवाल्याने दूध सोडलं, हे गावाला कळता कामा नये, एवढं त्यांना समजत होतं. चूक झाली ती सवयीमुळे. दूध घेता घेता मधेच केंद्रासमोरच्या टपरीवर तौसीफचा एक चहा घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. तिसऱ्याच दिवशी ते टपरीच्या मागच्या अंगाने गेले आणि हळूच म्हणाले, "तौसीफ, मला कोरा दे."

"कोरा? पोट बिघाडलं का शेठ?"

"न्हाई. हळू बोल."

हळू बोलणं तौसीफच्या धंद्यात बसत नव्हतं. टपरीत तो एकटाच असायचा, तरी ऑर्डर मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याच्या ध्यानात राहत नसे. "शेठला एक कोराऽऽ! दूध टाकायचं न्हाई!" तो ओरडला.

समोर किटल्या घेऊन उभी असलेली रांग एकदम टपरीकडे वळली. रांगेच्या तोंडाशी झुंबरबाई होती. तिच्या दोनच गायी, पण ती जिथे किटली ठेवील तिथे अर्धी गल्ली किटल्या ठेवी.

"का रं जालिंदर, आमच्या दुधाचा चहा चालंना व्हय तुला?"

"तसं न्हाई मावशी."

"मग माझ्या दुधात काय घावलं तुला?"

"तुमच्या दुधात काय बी न्हाई मावशी! मी कुनाचंच पीत न्हाई."

हे बोलून झाल्यावर जालूशेठना बरं वाटलं. एकट्या झुंबरबाईवरचा ठपका त्यांनी काढला होता. तो आता साऱ्या गावात सारखा वाटला गेलाय, हे त्यांच्या लक्षात यायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

त्या सकाळी फॅट मोजायच्या मशीनवर असे आकडे यायला लागले की जालूशेठनी मशीन पुसून पुन्हा लावलं. दूध थोडं आलं होतं, पण बासुंदी करावी असं दाट. गावातल्या गायींनी एका रात्रीत पाणी प्यायचं सोडलं की काय, अशी त्यांना शंका आली. खरी गोष्ट अशी होती की, ज्यांच्या किटलीत नळाचा वाटा असे, ते सगळे शेठला कळलं म्हणून घाबरले होते. आणि ज्यांच्या किटलीत नुसतं दूधच असे, ते रागावले होते. घाबरलेले केंद्रावर आले आणि रागावलेले झुंबरबाईच्या मागून वेशीजवळ कल्याण नावाच्या गड्याने काढलेल्या दुसऱ्या केंद्रावर गेले. घाबरलेल्यांना तिथे जाण्यात धोका वाटला, कारण कल्याणचं मशीन नवीन होतं.

आठवडाभरात गोष्ट भलतीकडेच गेली. शेठला दुधात काहीतरी सापडलंय, वरून आदेश आलाय, म्हणूनच तो स्वतः पीत नाही, असं बेलापूरभर झालं. घरोघरची पोरं दूध नको म्हणायला लागली आणि आयांना त्यांना मारावंसं वाटेना. टेम्पो निम्मा रिकामा जाऊ लागला. शेवटी टेम्पोच्या ड्रायव्हरने डेअरीचा निरोप आणला, "साहेब म्हनले, असंच राहिलं तर सोमवारपासून गाडी इकडं वळवायची न्हाई." गाडी नाही म्हणजे केंद्र नाही. वडिलांनी सायकलवर बरण्या वाहून उभा केलेला धंदा एका कोऱ्या चहात बुडायला निघाला होता. जालूशेठना रात्री झोप लागेना, आणि जागं राहून काही खावं म्हटलं, तर डाएटमुळे खायलाही काही नव्हतं.

"चारचौघांत एक पेला दूध पिऊन दाखवा, की मिटलं," अश्विनी म्हणाली.

"मोनीला शब्द दिलाय मी."

"मग मोनीनं पाठवलेलं प्या. ते बी पांढरंच हाय."

मोनिकाने कुरियरने सोयाबीनच्या दुधाचे पुडे पाठवले होते. जालूशेठनी एकदा चव घेऊन ते कपाटात ठेवले होते. नवऱ्याचा शब्द आणि धंदा एकाच तांब्यात बसवणाऱ्या बायकोकडे ते कौतुकाने बघत राहिले.

रविवारी सकाळी केंद्रासमोर गर्दी जमली. कल्याणकडची माणसंही मुद्दाम आली होती. जालूशेठ पाटीच्या बरोबर खाली उभे राहिले. "हे बगा, माझ्या घरचं दूध," ते म्हणाले, तांब्यातून पेला भरला आणि तोंडाला लावला. वरचे जालूशेठ हसत पीत होते. खालच्या जालूशेठचा चेहरा काढा घेतल्यासारखा झाला.

झुंबरबाईची नजर पेल्यावर नव्हती, तोंडावर होती.

"घरचं दूध पेताना असं त्वांड कुनी करतं का रं?" तिने पुढे होऊन तांब्याचा वास घेतला. "ह्याला दुधाचा वासच न्हाई. मशीनवर लाव."

"मावशी, कशाला उगं..."

"आमचं रोज लावतो, मग तुझं का न्हाई?"

दूध मशीनवर लागलं. केंद्र सुरू झाल्यापासून इतका कमी फॅट कोणाचाच लागला नव्हता. तौसीफने आकडा बघितला आणि सवयीने मोठ्याने वाचला. वर म्हणाला, "इतकं पानी तर आमच्या नळाला बी येत न्हाई शेठ!"

गर्दीतून एकच गलका उठला. साऱ्या गावाचं पाणी पकडणारा शेठ स्वतःच्याच दुधात पाणी घालतो! पाणीचोर म्हणवून घ्यायचं की खरं सांगायचं, एवढेच दोन रस्ते उरले होते, आणि त्यातल्या त्यात खरं सांगण्याची लाज कमी होती.

"पानी न्हाई. सोयाबीनचं हाय," ते म्हणाले.

"काय सोयाबीनचं?"

"दूध. मोनीनं पाठवलंय. वजन उतरवायला मी गायीचं सोडलंय."

इथल्या प्रत्येकाने सोयाबीन पेरलं होतं, पण त्याची धार काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"म्हंजी आमच्या दुधात खोट न्हाई?" झुंबरबाईने विचारलं.

"न्हाई."

"तुझ्यात हाय."

"व्हय मावशी."

तेव्हा कुठे गर्दी हसली, आणि जालूशेठच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण झुंबरबाई हसून सोडणारी नव्हती. "आता तुझ्या नुसत्या बोलन्यावर इस्वास न्हाई. आजपासून ज्याची किटली, त्याच्यासमोर त्यातलं घोटभर प्यायचं आन् मगच मशीनला लावायचं. कबूल असलं तर ठिवते किटली, न्हाईतर ही चालले कल्याणकडं."

जालूशेठनी टेम्पोकडे पाहिलं, वरच्या पाटीकडे पाहिलं, मनातल्या मनात लेकीची माफी मागितली आणि पेला पुढे केला.

सोमवारी टेम्पो आला आणि भरून गेला. शेठ आपल्यादेखत पितोय म्हटल्यावर किटलीत पाणी घालायची कोणाची छाती होईना. उलट चढाओढ लागली. कोणी घोटभर म्हणता पेलाभर ओतायचं, कोणी साखर घालून आणायचं. कोणाची गाय व्याली की खरवसाचा डबा पहिला शेठकडे येई. नको म्हटलं की डबेवाली नुसती वेशीच्या दिशेने बघे. तौसीफही आता शेठना विचारत नसे. साय घातलेला चहा आणि मोठ्याने केलेली घोषणा, दोन्ही बरोबरच येत. शेठचं पोट पुन्हा शर्टाच्या गुंड्यांशी भांडायला लागलं, आणि आपण सुखी आहोत याचंच त्यांना चोरट्यासारखं वाटू लागलं.

महिन्याभराने ऐन दूध घ्यायच्या वेळी मोनिकाचा फोन आला.

"पप्पा, नियमानं चाललंय ना सगळं?"

"अगदी रोज. एक दिवस चुकू देत न्हाईत लोक."

"मग? काही कमी झालं का?"

जालूशेठनी मिशीवरची साय पुसली. रांगेतून झुंबरबाई डोळे वटारून बघत होती.

"झालं की. लई कमी झालं."

"खरंच? बघा, मी म्हटलं नव्हतं? किती झालं?"

"आता तर पार न्हाईसंच झालंय बग."

"म्हणजे? काय नाहीसं झालंय, पप्पा?"

"पानी," जालूशेठ म्हणाले आणि त्यांनी पुढच्या किटलीत पेला बुडवला.