वायफाय आणि वरची कवळी

शनिवारी सकाळी साडेनऊला लॅबवाल्यांनी फोन तिसऱ्यांदा बंद करून चालू केला, आणि तिसऱ्यांदा त्यांना इमारतीतल्या सात बिऱ्हाडांच्या वायफायची नावं दिसली. आठवं, म्हणजे त्यांचं स्वतःचं, त्यात नव्हतंच. वायफायचा नवा डबा टेबलावर हिरवा दिवा लावून ऐटीत बसला होता आणि फोन त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. पण नात्यात भांडण झालेली दोन माणसं लग्नाच्या पंगतीत शेजारी बसावीत, तसं दोघांचं चाललं होतं.

लॅबवाले म्हणजे कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, हे मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी भुकटी घेऊन बसायचे आणि तयार कवळी डबीत घालून कुरियरने परत पाठवायचे. एकतीस वर्षं हेच. शहरातली कितीतरी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी हसत होती, पण त्यांच्याकडे बघून हसलेलं त्यातलं कोणी त्यांना आठवत नव्हतं. दवाखान्यातून फोन आला की पलीकडून विचारायचे, "लॅब का?" हे म्हणायचे, "हो, लॅब." बायको गेली, मुलगी परदेशी नोकरीला गेली, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला घरात कोणी उरलंच नाही.

मुलगी दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल करायची. सोमवारपासून लॅबवाल्यांचा आठवडा त्या अकराच्या दिशेने चालायला लागायचा. मागच्या रविवारी ती म्हणाली होती, "बाबा, पुढच्या वेळी जरा महत्त्वाचं बोलायचंय. निवांत बसा हं." आणि मंगळवारी कंपनीचा माणूस आला, जुना डबा काढून नवा बसवला, "आता रॉकेटसारखं चालेल" म्हणाला आणि स्वतःच रॉकेटसारखा निघून गेला. तेव्हापासून फोन मुका. दोन उंच इमारतींच्या मध्ये ही चार मजल्यांची इमारत दबून बसलेली. साधा फोन लागायचा, पण वायफायशिवाय इंटरनेटचं नाव नको.

मदत केंद्राला फोन करून झाला होता. पहिल्या बाई म्हणाल्या, "सर, फोन बंद करून चालू करा." लॅबवाल्यांनी केला. त्याबरोबर बाईही बंद झाल्या. दुसऱ्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनीही तेच करायला लावलं, त्याही गेल्या. आता तिसऱ्या बाई होत्या. त्या हुशार निघाल्या. "सर, मी लाइनवर आहे तोवर फोन बंद करू नका. मॉडेल कोणतं आहे?"

लॅबवाल्यांनी सांगितलं. पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली.

"सर, हे अजून चालतं?"

"चालत नाही म्हणून तर तुम्हाला फोन केला ना, बाई."

"बरोबर, सर. आधी तारीख आणि वेळ तपासू. ती चुकली तरी इंटरनेट चालत नाही." तारीख बरोबर होती. "आता कव्हर काढा." कव्हर सहा वर्षांत कधी काढलेलं नव्हतं. शेवटी मेण कापायची सुरी आणून लॅबवाल्यांनी ते दातांच्या साच्यासारखं अलगद सोडवलं. आत फोन निळा होता. इतकी वर्षं ते त्याला काळा समजत होते.

"छान. आता जुनं नेटवर्क काढून टाकू, सर. सेटिंगमध्ये त्याचं नाव असेल, ते दाबा. 'विसरा' असं येईल."

जुन्या नेटवर्कला मुलीने जाण्यापूर्वी नाव देऊन ठेवलं होतं. लॅबवाल्यांनी ते दाबलं. पडद्यावर आलं : 'आमचं घर' विसरायचं का?

"दाबलंत का, सर?"

"थांबा जरा," लॅबवाले म्हणाले. "नंतर परत आठवेल ना त्याला?"

"ते जुन्या डब्याचं होतं, सर. तो डबा आता नाहीये. लक्षात ठेवून काही उपयोग नाही."

लॅबवाल्यांनी 'हो' दाबलं. फोनने एका क्षणात सगळं विसरून दाखवलं. त्यांना फोनचा जरा हेवाच वाटला.

तरीही नवं नाव दिसेना. मग बाईंनी डब्याच्या पोटाखालचा नंबर वाचायला सांगितला. तो इतका बारीक होता की डबा उपटून खिडकीशी न्यावा लागला. नंबर वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, आता एकच करा. फोन दुसऱ्या कुणाच्या वायफायला जोडून बघा. तिथे चालला तर दोष डब्यात, नाही चालला तर फोनमध्ये. शेजाऱ्यांकडे जाता येईल ना?"

लॅबवाले चार वर्षं पहिल्या मजल्यावर राहत होते. शेजाऱ्यांची त्यांना नावं ठाऊक होती ती वायफायची. "जाता येईल," ते म्हणाले. अनोळखी बाईला उगीच घरची परिस्थिती कशाला सांगा?

बाईंना निरोप देऊन ते निघाले. अंगात कामाचा निळा एप्रन, खिशात छोटी कानस, एका हातात फोन, आणि खिडकीशी धरलेला डबा तसाच काखेत, वायरी लोंबकळत. दुसऱ्या मजल्यावर पहिलं दार दिसलं त्याची त्यांनी बेल वाजवली. मनात वाक्य तयार होतं : नमस्कार, मी खालचा, जरा दोन मिनिटं.

दार उघडलं ते कानाला हेडफोन लावलेल्या एका बाईंनी. त्या घरून शिकवण्या घ्यायच्या. एप्रन बघितला, डबा बघितला, आणि म्हणाल्या, "आलात एकदाचे! बुधवारपासून तक्रार केलीय!"

"नमस्कार, मी खालचा..."

"हो हो, खाली गाडी लावलीत ना, ठीक आहे. या आत. चपला राहू द्या. तिकडे कपाटावर आहे डबा. आत्ता पुन्हा लाल दिवा लागलाय. माझा वर्ग अर्ध्यावर तुटलाय, तीस जण ताटकळलेत."

तीस जण ताटकळलेले असताना आपली ओळख करून देणं लॅबवाल्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कपाटावरच्या डब्याचं बटण बंद केलं, बाईंकडे न बघता मनात तीस आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं. दिवा लाल, मग पिवळा, मग हिरवा.

"अय्या, झालं? एवढ्यात?" बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो बघून लॅबवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकतीस वर्षांत त्यांचं काम कोणी त्यांच्यासमोर तोंडात घालून पाहिलेलं नव्हतं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुमच्या वायफायला माझा फोन..."

पण बाई जिन्यात जाऊन वर ओरडत होत्या, "आजोबा! नेटवाले आलेत! वर पाठवते!" आणि आत येऊन, "जा तुम्ही. तिसरा मजला, उजवीकडे. चार दिवस बिचाऱ्यांचं बंद आहे." दार लागलं. आतून शिकवण्याचा आवाज सुरू झाला.

आता वर न जाता खाली जावं, तर आजोबा जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते. लॅबवाले वर गेले.

आजोबांचं घर लहान आणि फार नीटनेटकं होतं. भिंतीला लागून जुन्या रेडिओंची रांग होती. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. टेबलावर एक टॅबलेट होता आणि त्याच्याशेजारी पेल्यात पाण्यात ठेवलेली वरची कवळी.

"वायफाय जोडलेलं दाखवतंय," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले, "पण आत काही उघडत नाही. डबा खोलून बघितला मी. डबा शुद्ध आहे."

लॅबवाल्यांनी तिसऱ्या बाईंचं स्मरण करून तारीख बघितली. टॅबलेट नऊ वर्षं मागे होता.

"बॅटरी पूर्ण उतरली होती का?"

"मंगळवारी. का?"

"तारीख मागे गेलीय, म्हणून बाहेरचं कोणी याला आत घेत नाही. हे बघा, नऊ वर्षं मागे आहे."

आजोबांनी चष्मा लावून तारीख वाचली आणि तिच्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे चार दिवस मी इथं होतो होय. तेव्हा ही होती." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "करा, पुढे करा तारीख."

तारीख पुढे केली. सगळं उघडलं. लॅबवाल्यांनी निघायला म्हणून डबा उचलला, आणि तेवढ्यात आजोबांनी आभार नीट मानता यावेत म्हणून पेल्यातली कवळी तोंडात बसवली.

लॅबवाल्यांचा पाय तिथेच अडला. वरचा डावा सुळा किंचित तिरका. सगळे दात सरळ लावले की माणूस खोटा दिसतो, म्हणून तो सुळा ते मुद्दाम केसभर कलता ठेवायचे. दुसरं कोणी ठेवत नसे. चार वर्षं झाली असतील. साच्यावर चिठ्ठी होती, 'पुरुष, ज्येष्ठ, घाई.' तो ज्येष्ठ इथे होता. डोक्यावर दोन मजले.

"टोचते," आजोबा कवळी पुन्हा काढत म्हणाले. "चार वर्षं टोचते. डॉक्टर म्हणतो सवय होईल. ज्या गाढवानं ही केली ना, त्याला एकदा भेटायचंय मला."

"दाखवा बरं," लॅबवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही?"

तोवर लॅबवाल्यांनी कवळी धुऊन, रुमालात धरून उजेडाकडे नेली होती. मागच्या बाजूला एक कंगोरा राहून गेलेला. घाई, दुसरं काय. खिशातली कानस निघाली. चारदा इकडे घासलं, दोनदा तिकडे, पुन्हा बोटाने चाचपलं, पुन्हा एकदा घासलं. गुलाबी भुकटी एप्रनवर सांडली. आजोबा हा सगळा प्रकार आ वासून बघत राहिले. दात बाहेर असल्यामुळे तो आ जरा जास्तच मोठा दिसत होता.

"कंपनी हेही करते आता?"

"हल्ली सगळंच करायला लावतात," लॅबवाले म्हणाले.

आजोबांनी कवळी घातली. चावून बघितलं. जीभ फिरवली. आणि मग ते हसले, चांगले तोंडभर. लॅबवाले त्या हसण्याकडे बघतच राहिले. मेणात, प्लास्टरमध्ये, डबीत त्यांनी हे दात पाहिले होते, पण ते हसल्यावर असे दिसतात हे त्यांना माहीत नव्हतं. सुळा अगदी जिथे हवा तिथे कलत होता.

"त्या गाढवाला सांगा," आजोबा म्हणाले, "शिकून घे म्हणावं."

"सांगतो," लॅबवाले म्हणाले. मीच तो, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण नेटवाला म्हणून मिळालेलं एवढं मोठं हसू गाढव होऊन परत करायचं त्यांच्या जिवावर आलं.

मग त्यांनी धीर करून आपला फोन पुढे केला. "हा एक... गिऱ्हाइकाचा आहे. नव्या डब्याचं नाव याला दिसत नाही."

आजोबांनी फोन उलटापालटा केला. "जुना आहे. अहो, नव्या डब्यातून दोन लहरी निघतात. एक जोरात, एक हळू. याला फक्त हळूवाली कळते. बसवणाऱ्यानं तीच बंद ठेवली असणार. तुम्ही कंपनीचे, आणि हे माहीत नाही?"

"नवीन आहे मी."

"या वयात?"

"हो. उशीरच झाला."

आजोबांनी काखेतला डबा घेतला, प्लगला लावला, टॅबलेटवर काहीतरी उघडून एका चौकटीत टिंब टाकलं. फोनच्या पडद्यावर आठवं नाव उमटलं. लॅबवाल्यांचा जीव भांड्यात पडला. निघताना आजोबा म्हणाले, "खालची कवळी पण हलते हो. ती आत ठेवलीय. पुढच्या वेळी आलात की बघा."

रविवारी अकराला मुलीचा चेहरा पडद्यावर आला. इतका स्वच्छ की तिच्या डोळ्यांखालची झोपसुद्धा दिसली. बढती मिळाली होती. लॅबवाल्यांना फार आनंद झाला. "पण बाबा," ती म्हणाली, "आता रविवारी पण ड्यूटी. दर आठवड्याला नाही जमायचं. महिन्यातून एकदा बोलू, चालेल? तुम्ही एकटेच असता, म्हणून..."

"अगं, चालेल की! मलाही हल्ली रविवारी कामं असतात. कालच वरच्या मजल्यावर बोलावलं होतं." आवाज कुठे तुटला नाही, चित्र कुठे अडकलं नाही. एकदा तरी अडकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

सोमवारी दुपारी ते साचे ओतत असताना फोन वाजला. तिसऱ्या बाई होत्या.

"सर, आपलं वायफाय सुरू झालं का?"

"झालं, झालं. उत्तम चालतंय."

"छान, सर. आणखी एक कळवायचं होतं." बाईंनी आवाज खाली आणला. "आपल्या इमारतीत आमच्या कंपनीच्या नावाने एक तोतया फिरतोय. निळा एप्रन, काखेत डबा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला होता, तोच माणूस परत पाठवा म्हणून. खालच्या दातांसाठी. सर, तो माणूस दातांना हात लावतो."

लॅबवाले खुर्चीत बसले. "अरे बापरे."

"आजोबांना आम्ही समजावलंय, परत आला तर दार उघडू नका. सगळ्या ग्राहकांना विचारतोय, सर. गेल्या काही दिवसांत आपल्या घरी कोणी अनोळखी माणूस आला होता का?"

लॅबवाल्यांनी खोलीत नजर फिरवली. "नाही, बाई," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. "माझ्याकडे कोणीच येत नाही."

"फारच छान, सर," बाई म्हणाल्या. "असंच राहू द्या."